जुने राऊटर आणि न पुसलेली यादी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं. मी हो म्हटलं. चार पानं हलकीफुलकी लिहिलीसुद्धा, आणि मग ती फाडून टाकली. आता जे लिहून राहिलो ते रागात लिहून राहिलो. राग आला की माझी मराठी नागपूरची होते, त्याला माझा इलाज नाही. संपादकांना वाटलं तर त्यांनी सुधारून घ्यावं, पण शेवटच्या परिच्छेदाला हात लावू नये.

आधी धंदा सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय माझी चूक तुम्हाला समजणार नाही. नागपुरात बर्डीच्या बाजारामागच्या गल्लीत माझं जुन्या नेटवर्किंग सामानाचं दुकान आहे. त्याआधी पंचवीसेक वर्षं मी विदर्भातल्या ऑफिसांमधून वायरी ओढत फिरलो. बँका, जिनिंगचे कारखाने, कॉलेजं, खाणीची ऑफिसं. गुडघे गेले तेव्हा दुकानात बसलो. कंपन्या दर काही वर्षांनी आपलं सामान बदलतात आणि जुनं एकगठ्ठा विकतात. मी तो गठ्ठा घेतो, एकेक डबा उघडतो, धूळ काढतो, तपासतो, साफ करतो आणि शिकणाऱ्यांना विकतो.

ह्या डब्यांत दोन जाती. राऊटर म्हणजे एका जाळ्यातली माहिती दुसऱ्या जाळ्यात कोणत्या वाटेनं न्यायची ते ठरवणारा डबा. तुमच्या घरी वायफायचा पांढरा डबा असतो ना, ते ह्याचं शेंडेफळ. आणि स्विच म्हणजे एकाच ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणारी लांबट पेटी, जिच्या तोंडाला ओळीनं वायरी खोचलेल्या असतात. नेटवर्किंगची एक सर्टिफिकेटची परीक्षा असते, ती पास झालेल्याला नोकरीच्या दारात जरा लवकर उभं करतात. तिच्या सरावासाठी लोक घरी छोटी लॅब मांडतात. दोन राऊटर, एक स्विच, चार वायरी. झाली लॅब.

एवढंसं सामान, पण निवडताना लोक काय काय करतात! काटोलचे एक संत्र्याचे व्यापारी आपल्या पोरीसाठी राऊटर घ्यायला आले होते. सहा डबे मांडले, तर त्यांनी प्रत्येक डबा दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं आणि सगळ्यात जड होता त्याच्यावर थाप मारून म्हणाले, "हा द्या भाऊ. जड माल आहे." मी सांगितलं की हा मोठ्या कंपनीच्या खोलीत ठेवायचा राक्षस आहे, ह्याचे पंखे फार आवाज करतात. ऐकलं नाही. आठ दिवसांनी परत घेऊन आले. "भाऊ, हा सुरू केला की घरात जेवाले बोलावलेलं बी ऐकू येऊन नाही राहिलं." मी हसत हसत बदलून दिला. अशा माणसाचा राग येत नाही. आपल्या धंद्याची नजर तो दुसऱ्याच्या धंद्यात घेऊन आला, एवढंच.

राग येतो तो क्लासवाल्यांचा. ह्यांनी जो बाजार मांडला आहे त्याला तोड नाही. भिंतीवर मोठा बोर्ड, आत एसी, गळ्यात टाय, आणि पोरांना "लॅब किट" म्हणून काय विकतात? ज्या राऊटरची मेमरी इतकी कमी असते की अभ्यासक्रमाला लागणारी सिस्टिम त्यात मावतच नाही, तो. ज्याला आधीच्या मालकाचा पासवर्ड लागलेला आहे आणि तो काढायची सोयच बंद केलेली आहे, तो. ज्याच्याबरोबर जोडणीची निळी वायर नाही, म्हणजे डबा आहे पण त्याच्याशी बोलायचं तोंडच नाही, तो. वरून चकचकीत पुसलेला असतो हरामखोरांनी. पोरगं घरी जातं, चालू करतं, दिवे लागतात, आणि त्याला वाटतं आपल्यालाच काही येत नाही. कित्येकांनी ह्या डब्यापायी अभ्यास सोडला. अरे, डबा मठ्ठ होता, तुम्ही नव्हते!

मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा एकच सांगतो, आत्ता काही घेऊ नका. लॅपटॉपवर चालणारी खोटी लॅब फुकट मिळते, तीन महिने त्यावर हात बसवा. मग या. दिव्यांकडे पाहू नका, वायरी खोचायची किती भोकं आहेत ते मोजू नका. मेमरी पाहा. कोणती सिस्टिम चालते ते पाहा. चालू करून पंखा ऐका, पाठीवर हात ठेवा, जळका वास येतो का बघा. आणि विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचा पासवर्ड काढून दाखवायला लावा. हे ऐकून अर्धी गिऱ्हाइकं निघून जातात. जाऊ द्या. माझ्या दुकानातून मळका डबा बाहेर जात नाही, असं मी वर्षानुवर्षं छाती ठोकून सांगत आलो.

आणि इथंच माझं घोडं अडलं.

सुजाता रामटेके पहिल्यांदा दुकानात आली ती शाळेच्या दोन दप्तरांत दोन राऊटर घालून, कन्हानहून बसनं. दप्तरं तिच्या मुलीची. वय तिशीच्या जरा पुढं. कन्हानला कोळसा वाहतुकीच्या एका खाजगी कंपनीत ती संगणकावर कामाला होती, कंत्राटी, दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून मिळणारी. वजनकाट्यावर ट्रकची नोंद करायची, पावती काढायची. नेटवर्क बंद पडलं की तीच टेबलाखाली वाकून वायर हलवायची, आणि त्या वायर हलवण्यातूनच तिला ह्या विषयाची गोडी लागली. सर्टिफिकेट मिळालं तर कायमची नोकरी बघता येईल, मुदतीची टांगती तलवार जाईल, हे तिचं गणित होतं. नवरा कामठीला गॅरेजमध्ये, घरी सासू, मुलगी चौथीत.

दोन्ही राऊटर क्लासवाल्यानं गळ्यात मारलेले. मी जोडून पाहिले. एकाची मेमरी अपुरी, दुसरा कुलूपबंद.

"हे कोनं दिलं वं तुले?" मी ओरडलोच.

"क्लासमधून घेतले काकाजी. ते म्हणे ह्यावरच परीक्षा असते."

"परीक्षा असते म्हणे! ह्यावर चहाचे कप ठेव."

ती हसली नाही. म्हणाली, "चिडू नका. मी घेतले, मी फसली. आता कसे निवडायचे ते सांगा, म्हणजे पुन्हा नाही फसणार."

असं कोणी विचारत नाही. लोक म्हणतात चांगला द्या. ती म्हणाली निवडायचं कसं ते सांगा. मी बाकावर सहा राऊटर मांडले, त्यातले तीन मुद्दाम खराब ठेवले, आणि म्हटलं निवड. तिनं एकेक चालू केला. कान लावला. पाठीवर तळहात ठेवून मनात मोजत उभी राहिली. निळी वायर लावून मेमरीचा आकडा वाचला आणि वहीत लिहिला. एका डब्यापाशी नाक नेलं आणि तो बाजूला सरकवला. पाऊण तासानं तिनं दोन राऊटर पुढं केले. मी असतो तर तेच निवडले असते. इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की मी फळीवरून एक स्विच काढून तिच्यापुढं ठेवला.

"हा तुह्याच ऑफिसचा आहे," मी म्हणालो. "मागच्या साली तुमच्या इथं नवीन सामान लागलं ना, तेव्हा जुना गठ्ठा मीच उचलला. अर्ध्या किमतीत घेऊन जा, घरचाच आहे."

तिनं स्विच उलटापालटा करून पाहिला. मग विचारलं, "काकाजी, हा साफ केला आहे ना? आमच्या ऑफिसचं आत काही राहिलं तर नाही?"

"केला."

"आतलं सगळं?"

आणि मी तिच्यावर उखडलो. म्हणालो, "मले शिकवून राहिली का? तू शाळेत होती तवापासून हे काम करून राहिलो मी." तिनं डबे दप्तरांत घातले आणि गेली.

आता ते जरा नीट समजून घ्या, सोपं आहे. स्विचच्या आत दोन कप्पे असतात. एका कप्प्यात त्याच्या रोजच्या सूचना. त्या पुसल्या की डबा कोरा झाला असं वाटतं. दुसऱ्या कप्प्यात विभागांची यादी असते. एकाच ऑफिसात वजनकाटा वेगळा, कॅमेरे वेगळे, हिशेबाची खोली वेगळी, अशी विभागणी स्विचमध्ये करता येते. ही यादी पहिला कप्पा पुसला तरी जात नाही. ती वेगळी, नाव घेऊन पुसावी लागते. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं आणि प्रत्येक जण कधी ना कधी ते विसरतो. पण मी विसरलो नव्हतो. मी कंटाळलो होतो. ऑफिसला विकायचा असला तर पुसायचो, घरच्या लॅबला विकायचा असला तर सोडून द्यायचो. घरी काय होणार आहे, दोन राऊटर आणि एक लॅपटॉप! हा आळस मी किती वर्षं केला ते आठवतही नाही.

आणि त्या यादीची दुसरी खोड अशी. ऑफिसात दहा स्विच असले तर दहाही ठिकाणी यादी हातानं लिहायला नको, म्हणून एक सोय केलेली असते. एकावर बदला, बाकीचे आपोआप उतरवून घेतात. कोणाची यादी ताजी हे कसं कळतं? प्रत्येक बदलाला एक आकडा वाढतो. ज्याचा आकडा मोठा तो शहाणा, असं धरून सगळे त्याचं ऐकतात. अट एकच, त्यांच्या गटाचं नाव जुळलं पाहिजे. सुजाताच्या स्विचमध्ये कंपनीच्या गटाचं नाव तसंच होतं. आणि घरी तिनं चार महिने मन लावून सराव केला. आत नुसत्या नंबरांनी राहिलेले जुने विभाग मोडले, आपले बनवले, मोडले, पुन्हा बनवले. ती जितकी मेहनत करत होती तितका तो आकडा वाढत होता.

मे महिन्यात वजनकाट्याच्या केबिनमधला स्विच बंद पडला. कोळशाची धूळ, पत्र्याचं छप्पर आणि कन्हानचं ऊन, पडणारच. नेटवर्कचं कंत्राट ज्याच्याकडे होतं तो ठेकेदार म्हणाला, उद्या येतो. काट्यापुढं ट्रकची रांग लागली. ऑफिसचे साहेब सुजाताला म्हणाले, "तुमच्या घरी आहे ना एक प्रॅक्टिसचा? आणा. आजच्या दिवस चालवू." ती घरी गेली, घेऊन आली. लावायच्या आधी तिनं त्याच्या सूचना पुसल्या, मध्यंतरी दुकानात मी शिकवलं होतं तसं. पहिला कप्पा. दुसऱ्याचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मला विचारलं तेव्हा मी तिच्या अंगावर गेलो होतो.

तिनं वायर खोचली. आवारातल्या सगळ्या स्विचनी पाहिलं की एक मोठ्या आकड्याचा शहाणा आला आहे, आणि आपापली यादी टाकून त्याची उतरवून घेतली. त्यात ना वजनकाटा, ना कॅमेरे, ना हिशेबाची खोली. तिच्या सरावातले पाच-सहा विभाग, ज्यांना तिनं मुलीची आणि मैत्रिणींची नावं दिली होती. काटा बंद, कॅमेरे बंद, पावती बंद, फाटकावरचा फोन बंद.

सुजाताला काय झालं ते दोन मिनिटांत समजलं. ह्याचाच मला आजही अभिमान वाटतो, आणि ह्याचाच जास्त राग येतो. तिनं आपला स्विच काढला, पण त्यानं काही होत नाही, बाकीच्यांनी यादी टाकलेली असते. ती नव्यानं लिहावी लागते. आणि तिच्याकडे ती होती! कधीतरी सहज शिकायचं म्हणून ऑफिसची अख्खी यादी तिनं वहीत उतरवून ठेवली होती. ती साहेबांना म्हणाली, "सर, दहा मिनिटं द्या, मला मेन स्विचपाशी बसू द्या." साहेब म्हणाले, "हात लावायचा नाही. बाहेर हो." अहोजाहो संपलं. शिपायाला सांगून तिला फाटकाबाहेर उभं केलं. वही तिच्या हातात. ट्रकवाले तिला विचारून राहिले की ताई, काहून बंद आहे. सगळंच बंद पडलं म्हटल्यावर ठेकेदार त्याच संध्याकाळी आला आणि तिनं दहा मिनिटांत केलं असतं ते त्यानं तीन तासांत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्विच घेऊन दुकानात आली. "काकाजी, जरा पाहा." मी निळी वायर लावली, आज्ञा टाईप केली. पडद्यावर कंपनीच्या गटाचं नाव आणि खाली तीन आकडी नंबर. मी खुर्चीत बसलो. पाणी प्यायलो. मग मी ठेकेदाराला शिव्या दिल्या, कारण त्यानं त्या आवारातले सगळे स्विच सताड उघडे ठेवले होते. पासवर्ड लावला असता तर हे घडलंच नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं आणि त्यानं अहवालात एका शब्दानं लिहिलं नाही. साहेबांना शिव्या दिल्या. सगळं बोलून झालं. ती शांतपणे म्हणाली, "अन् तुम्ही?"

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "चल कन्हानले. मी सांगतो."

गेलो. साहेबांच्या केबिनमध्ये ठेकेदारही बसला होता, मोबाईलमध्ये डोकं घालून. मी सगळं सांगितलं. डबा माझ्या दुकानातला, आतली यादी मी पुसली नाही, बाईचा काडीचा दोष नाही. लेटरहेडवर लिहून आणलं होतं, तेही पुढं ठेवलं. ठेकेदाराकडे वळून म्हणालो, "तुम्ही सांगा ना गा, बरोबर बोलून राहिलो का मी?" त्यानं मान वर न करता म्हटलं, "टेक्निकली, हो." टेक्निकली! त्या एका शब्दावर मी त्याची कॉलर धरणार होतो, सुजातानं माझ्या शर्टाची बाही ओढली म्हणून थांबलो.

साहेबांनी माझं पत्र वाचलं आणि बोटानं सरकवून परत दिलं. "काका, हे मला चालत नाही. मला वर हेड ऑफिसला कागद पाठवायचा आहे. तुमचा कागद लावला तर ते विचारतील बाहेरच्या दुकानाचा डबा आत कसा आला, आणायला कोणी सांगितलं. समजतंय ना? कागदावर आमच्याकडचा माणूस लागतो." मग सुजाताकडे पाहून म्हणाले, "माफीनामा दे. मी परवानगी न घेता उपकरण आणून लावलं, पुन्हा करणार नाही. दोन ओळी. काम चालू राहील तुझं. नाही दिलास तर आजपासून येऊ नकोस."

सुजाता उभीच होती. म्हणाली, "आणायला तुम्ही सांगितलं. साफ ह्यांनी नाही केला. उघडं त्यांनी ठेवलं. अन् माफी माझी काहून?"

साहेबांनी तिच्यापुढं कोरा कागद सरकवला. आणि मग मी बोललो. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी तोंड उघडलं, पण तिथं उघडायला नको होतं. मी म्हणालो, "लिहून दे वं बाई. दोन ओळींनं काय होते? नोकरी राहीन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. साहेबांकडे नाही, ठेकेदाराकडे नाही, माझ्याकडे. मग खुर्ची ओढून बसली आणि लिहून दिलं. अक्षर फार सुरेख आहे तिचं. साहेबांनी शिक्का मारला आणि कागद तिच्या फाईलला लावला. बसस्टँडपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली आणि तिथूनच परत फिरली. मला वाटलं होतं, मी मोठं काम केलं. नोकरी वाचवली.

पावसाळा लागता लागता तिनं परीक्षा दिली आणि पहिल्याच झटक्यात पास झाली, त्या दोन राऊटरवर आणि त्या स्विचवर सराव करून. पेढे घेऊन आली होती. मी स्विचची ती यादी तिच्यासमोर पुसली होती, आणि तेव्हापासून दुकानातला प्रत्येक डबा दोनदा पुसतो, गिऱ्हाइकासमोर, मग तो घरी जावो की ऑफिसात. पण ह्याचं कौतुक करू नका. बैल गेल्यावर झोपा केला म्हणतात तसलं हे शहाणपण.

मग तिनं नागपुरातल्या एका कंपनीत अर्ज केला. मुलाखत झाली, प्रात्यक्षिक झालं, त्यांनी तोंडी हो म्हटलं. नेमणुकीआधी चौकशी करायची पद्धत असते, त्यांनी कन्हानला फोन केला. तिथून फाईलमधला कागद वाचून दाखवला गेला. परवानगीशिवाय बाहेरचं उपकरण लावून नेटवर्क बंद पाडलं, लेखी कबुली आहे. नेटवर्कच्या नोकरीसाठी ह्याहून वाईट कागद असू शकत नाही. हो म्हणणाऱ्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या कंपनीत तेच. तिसरीत मुलाखतीलाही बोलावलं नाही. आणि कन्हानच्या साहेबांनी सहा महिन्यांची मुदत संपल्यावर ती वाढवली नाही. कारण काय दिलं असेल? तोच कागद.

तिनं मला फोन केला. रडली नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाली, "काकाजी, तुम्हीच म्हणले होते, दोन ओळींनं काय होते."

मी म्हटलं, मी पत्र देतो, प्रत्येक कंपनीला देतो, स्वतः येऊन सांगतो. ती म्हणाली, "पत्र तुम्ही साहेबाच्या टेबलावर बी ठेवलं होतं. त्यानं सरकवून दिलं. छापून द्या. कोणाले सरकवता येणार नाही असं द्या."

त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला होता, गमतीजमतीसाठी.

तर हलकंफुलकं राहू द्या. लोक मला विचारतात, एवढ्या वर्षांत काय शिकलात, आणि मी राऊटरच्या मेमरीबद्दल, पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत सुटतो. डबा कसा पारखायचा ते मला येतं हो. त्या केबिनमध्ये माझ्यासकट तीन पुरुष बसले होते, तिघांचाही दोष होता, आणि एकटी उभी होती तिला मी वाकायला सांगितलं. हे कोणत्या परीक्षेत विचारतात ते मला माहीत नाही. मी त्यात नापास आहे. साहेबाचा राग येतो, ठेकेदाराचा येतो, पण आरशात दिसतो त्याचा जास्त येतो आणि तो कुठं काढू ते समजत नाही.

म्हणून ऑफिसला लागतो तसाच कागद देतो, तीच भाषा, तोच थाट. मी, प्रभाकर नागोराव बोरकर, राहणार नागपूर, जुन्या नेटवर्किंग सामानाचा दुकानदार, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की कन्हान येथील नेटवर्क बंद पडलं ते मी विकलेल्या स्विचमुळे आणि माझ्या आळसामुळे. श्रीमती सुजाता रामटेके यांनी तो वरिष्ठांच्या तोंडी आदेशावरून आणला. त्यांच्या फाईलमधली कबुली खोटी आहे आणि ती त्यांनी माझ्या सांगण्यावरून दिली. बंद पडलेलं नेटवर्क दहा मिनिटांत सुरू करण्याचं ज्ञान त्या दिवशी त्या आवारात फक्त त्यांच्याकडे होतं. ज्या कोणाला चौकशी करायची असेल त्यानं कन्हानला फोन करू नये, माझ्या दुकानात यावं, मी सकाळी दहापासून असतो. आणि चौकशी झाली की तिले घ्या गा कामावर.